खिल्लारे सरांची अंबाडी

पहिल्या दिवशी खिल्लारे सरांनी हजेरी घेतली नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर बसले, चपलेतला एक पाय हलवत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या गावातलं सगळ्यात नालायक झाड कोणतं, ते सांगा."

आम्ही सगळे खेड्यापाड्यांतून वाशीमच्या कॉलेजात आलेलो. प्राध्यापक खुर्चीवर बसतात, एवढी माहिती घेऊन आलो होतो. पुढच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला की सर, सृष्टीत कोणतंच झाड नालायक नसतं. सर म्हणाले, "बस. तुले वक्तृत्वात ढाल भेटन, बॉटनीत काही खरं नाई." दुसऱ्यानं बाभूळ सांगितली, तर त्याला विचारलं की तुझ्या बापाच्या वखराचं लाकूड कशाचं आहे. तिसऱ्यानं बेशरमाचं नाव घेतलं. सरांनी 'कुंपण' एवढाच शब्द उच्चारून त्यालाही बसवलं. माझी पाळी आली. मी केनवडचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे उत्तर येत असलं तरी ते मोठ्यानं सांगावं की नाही, याचा मला कायम संशय. मी हळूच म्हणालो, "गाजर गवत."

सर टेबलावरून खाली उतरले.

"शाबास. माणूस खात नाई, ढोर खात नाई, हात लावला का खाज सुटते. याले दुसरंही एक नाव आहे, काँग्रेस गवत. पण सध्या ते नाव वर्गात घ्यायचं नाई. परीक्षेत नापास झाले तं मी काही करू शकीन. आत गेले तं माह्याच्यानं सोडवनं होनार नाई."

आणीबाणी लागून थोडेच दिवस झाले होते. वर्गात कोणी हसलं नाही. सर मात्र स्वतःच्या विनोदावर पोटभर हसले. हे त्यांचं कायमचं होतं. दुसऱ्यांनी हसावं म्हणून ते थांबत नसत.

सर तिशीचे असतील. बुटके, काळेसावळे, सदरा कधीच आत खोचलेला नाही. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात खुरपं, झाडं दाबून ठेवायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक काचेचं बीकर. प्रयोगशाळेतलं, मापाच्या रेघा असलेलं. सर जिथं जातील तिथं चहा त्या बीकरमधून प्यायचे. हॉटेलात, स्टाफरूममध्ये, विद्यार्थ्याच्या घरी. बहुतेकांना वाटायचं की हा शास्त्रज्ञ माणसाचा विक्षिप्तपणा आहे. एकदा आमच्या वर्गातल्या मधुकरनं विचारलंच. सर म्हणाले, "काही घरी आमच्यासाठी एक कप वेगळा असते. फडताळाच्या मागं, कान तुटलेला. तो शोधाले बाईले तरास, धुवाले तरास. त्यापरीस आपलं भांडं बरं. मापही समजते, कोन किती प्रेमानं पाजलं ते."

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा सर चौथीत होते. ते सांगायचे, "माहा बाप एका दिवसात बौद्ध झाला. गाव अजून इचार करून राह्यलं."

देवाबद्दल त्यांना राग नव्हता, पण आदरही नव्हता. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राला ते एकटेच, म्हणून विभागप्रमुखही तेच. वर आकाशाकडे बोट दाखवून म्हणायचे की त्यांचंही माझ्यासारखंच आहे, हाताखाली कोणी नाही म्हणून प्रमुख.

मधुकर वाशीमजवळच्या मालेगावचा. पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात त्यानं एक बातमी आणली. त्याच्या शेजारच्या कौसाबाईच्या मळ्यावर करणी झाली होती.

कौसाबाई म्हणजे मालेगावच्या बाजारातली भाजीवाली. साठीच्या आसपासची, नवरा वारलेला, मुली दिलेल्या. वाशीमच्या रस्त्याला लागून तिचा एक लहानसा तुकडा होता आणि त्यातली अंबाडी लोक नाव घेऊन मागायचे. तिच्या बांधाला लागून कुठलासा परगावचा माणूस येऊन ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचा. आतलं शिसं भट्टीत वितळवून लाद्या पाडायचा, बॅटरीतलं पाणी आणि भट्टीची राख कौसाबाईच्या बाजूला ओतायचा. मग एक दिवस तो गाशा गुंडाळून गेला. त्यानंतर कौसाबाईची कालवड दात खाऊ लागली, तिला दिसेनासं झालं, भिंतीला डोकं लावून उभी राहिली आणि मेली. मागोमाग शेळी. लोकांनी सांगितलं, करणी. भगत आला. त्यानं मळ्यातल्या बाभळीला कुंकू लावलेली लिंबं बांधली आणि सांगितलं की यांना हात लावील तो रक्त ओकेल.

सर दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं मालेगावला गेले. आम्ही चार-पाच जण मागोमाग. मळ्यात बरीच माणसं जमली होती. सरांनी बांधावर बसून माती चिमटीत घेतली, राखेतून एक करडा खडा उचलला, नखानं ओरखडला. तो आतून चकाकला. मग उठून बाभळीजवळ गेले, सगळ्यांच्या देखत एक लिंबू तोडलं आणि कौसाबाईला म्हणाले, "मावशी, साखर आहे का घरात? पानी आना थोडं. सरबत करू."

पाणी म्हटल्यावर कौसाबाई थबकली. तिनं मधुकरकडे पाहिलं. सरांचं आडनाव मधुकरनं आधीच सांगून ठेवलेलं होतं. सरांनी पिशवीतून बीकर काढून पुढं धरलं. तिनं लोटा उंच धरून वरून पाणी ओतलं.

सर म्हणाले, "मावशी, तुमच्या वावरात शिसं हाये न माह्यात जात. दोनीही डोयानं दिसत नाई. पन शिसं ओयखाले नागपूरले जावं लागते. जात लोकायले आडनावावरच समजते."

कौसाबाईनं लोटा खाली ठेवला. म्हणाली, "साखर नाई. गूळ चालन का?"

गुळाचं सरबत झालं. सर प्याले. लोक रक्त ओकायची वाट बघत बराच वेळ उभे राहिले, मग एकेक करत घरी गेले. भगताला हे समजल्यावर त्यानं सांगितलं म्हणे की काचेच्या भांड्यातून प्याल्यास करणी लागत नाही.

त्या दिवशी कौसाबाईनं एकच गोष्ट विचारली. भाजी कधी पेरू? सरांनी सांगितलं की शिसं मातीत बसलं आहे, ते कुजत नाही, उडत नाही, पाण्यानं धुऊन जात नाही. जोवर ते आहे तोवर इथलं काही खायचं नाही, ढोरालाही घालायचं नाही. ती म्हणाली, "मंग काढा. तुमी शिकेल हात ना?"

परतताना एस.टी.त सर ड्रायव्हरच्या मागं उभे राहून बोलत होते. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की आफ्रिकेत एक फूल तांब्याच्या खाणीवरच उगवतं. खाण शोधणारे लोक आधी ते फूल शोधतात. म्हणजे काही झाडं धातू पितात. मग शिसंही पीत असतील. मातीतून पानात, पान तोडून बाहेर. वर्षा-दोन वर्षांत जमीन मोकळी. आम्हाला ते इतकं सोपं आणि सुंदर वाटलं की कोणी काही विचारलं नाही. सदाशिव ड्रायव्हरनं मात्र विचारलं, "सर, मंग पिल्यावर त्या झाडाचं काय करनार?" सर म्हणाले, "तू समोर पाहून गाडी चालव."

मृगात पेरणी ठरली. सरांना मोहरी लावायची होती, कारण आमच्याकडे मोहरीचा पाला कोणी खात नाही. कौसाबाईनं साफ नकार दिला. तिचं म्हणणं असं की मोहरी फोडणीपुरती दुकानात मिळते, या वावरात आजवर अंबाडी झाली आहे आणि अंबाडीच होईल, शिसं प्यायची तर तीच पिईल. बियाणं तिच्या घरातलं. अंबाडी उंच वाढते, पाला भरपूर, हेही खरं होतं. सर तयार झाले. पेरून झाल्यावर तिनं हात झटकत विचारलं, "पुढच्या साली इकता यीन ना बजारात?"

सर एरवी कोणालाही बरं वाटावं म्हणून काही बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "यीन."

पाऊस चांगला झाला. अंबाडी अशी माजली की रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघायचा. शिशाचा तिला काही त्रास दिसत नव्हता. सरांच्या सांगण्यावरून मधुकरनं एक पाटी रंगवली: 'विष. तोडू नये.' खाली कवटी काढली. ती कवटी कोहळ्यासारखी झाली. लोकांना वाटलं, पिकाला दृष्ट लागू नये म्हणून लावली आहे. आणि पीक चांगलं असलं की मालक काहीतरी भीती घालतोच, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे बांधावरची मूठभर भाजी घेताना कोणी कोणाला विचारत नाही. विचारलं तर उलट मालकाला वाईट वाटतं, की एवढ्याशा पाल्यासाठी मला परका समजला.

आम्ही वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं तिथंच करायचो. सदाशिव ड्रायव्हर थांबा नसतानाही मळ्यापाशी गाडी थांबवायचा. सरांचा त्याला लळा होता. आणि घात त्या लळ्यानंच झाला.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आमच्या भागात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि त्यांत अंबाडी हवीच. आदल्या संध्याकाळी सदाशिव मालेगावकडून गाडी घेऊन येत होता. कौसाबाई घरी नव्हती. त्यानं मळ्यापाशी गाडी उभी केली आणि प्रवाशांना सांगितलं की वावर आपल्या सरांचं आहे, ज्याला भाजी पाहिजे त्यानं घ्या. सगळी गाडी खाली उतरली. बायकांनी पदरात घेतली, माणसांनी टोपीत. कंडक्टरनं दोन जुड्या बांधल्या आणि एक जुडी वाशीमला उतरल्यावर भक्तिभावानं आमच्या प्राचार्यांच्या घरी पोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गाडीत चढले तेव्हा सदाशिव कौतुकानं म्हणाला, "सर, कालची सारी मोटार तुमच्या नावानं भाजी घिऊन गेली. लई आशीर्वाद देऊन राह्यले होते."

सर चालत्या गाडीतून उतरले. आम्हाला वसतिगृहातून बोलावलं, वस्त्या वाटून दिल्या. मी आणि मधुकर घरोघर जाऊन विचारत होतो, कालच्या एस.टी.तली अंबाडी तुमच्याकडे आली का, आली असेल तर खाऊ नका, परत द्या. लोक भाजी परत देत होते. कोणी कारण विचारलं नाही. आणीबाणीत कशावरही बंदी येऊ शकते, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. एका म्हातारीनं फक्त एवढं विचारलं की मेथी चालू आहे ना.

प्राचार्यांकडे सर स्वतः गेले. आम्ही फाटकाशी थांबलो. पंगत बसलेली होती. संस्थेचे अध्यक्ष पाटावर, शेजारी प्राचार्य, समोर महालक्ष्म्या नटून उभ्या. सर उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले की सर, अंबाडीला हात लावू नका.

प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "खिल्लारे, या, बसा जेवायला."

"सर, ती माझी भाजी आहे."

"तुमची? मग तर बसाच."

सरांनी सगळा प्रकार सांगितला. अध्यक्षांनी आपल्या ताटातली अंबाडी बोटानं दूर सारली. आतून वहिनी, म्हणजे प्राचार्यांच्या पत्नी, बाहेर आल्या. त्या रडवेल्या झाल्या होत्या. नैवेद्य दाखवून झाला आहे, आता काय करायचं, असं त्या म्हणाल्या. सरांनी महालक्ष्म्यांकडे नीट बघून घेतलं.

"दाखवलाच ना, वहिनी? खाल्ला तर नाही?"

अध्यक्षांना ठसका लागला. वहिनींनी भाजीचं पातेलं आणून उंबऱ्यावर ठेवलं. सर ते पातेलं डोक्याइतकं उंच धरून भर रस्त्यानं कॉलेजात घेऊन आले आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलं. कॉलेजात महिनाभर दुसरा विषय नव्हता. काही प्राध्यापक म्हणाले की खिल्लारेंनी मुद्दाम सणाच्या दिवशी सोवळ्यात विघ्न आणलं. सरांच्या कानावर ते आलं. ते म्हणाले, "विघ्न आणाचं असतं तं जेऊ दिलं असतं."

वहिनी शिपायामार्फत सारखा निरोप पाठवत राहिल्या, की भाजी ठेवून घ्या पण पातेलं द्या. पितळेचं होतं, माहेरचं. सरांचं उत्तर ठरलेलं: पुरावा आहे, मिळणार नाही.

मग पीक उपटलं. कौसाबाईला निदान अंबाडीचे दोर वळायचे होते. वाख उत्तम निघाला असता. सरांनी तेही करू दिलं नाही. दोर ढोराच्या गळ्यात जातो आणि ढोर तो चघळतं. जाळायचंही नाही, धुरात शिसं. पुरायचंही नाही, परत मातीत. तेव्हा सदाशिवनं एस.टी.त विचारलेला प्रश्न आता पोत्यांत भरून स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभा राहिला. सर त्या पोत्यांवरच बसायचे. प्राचार्यांनी एकदा विचारलं की हे काय ठेवलं आहे. सर म्हणाले, "माझं संशोधन, सर. बाकीच्यांचं कपाटात मावतं."

हिवाळ्यात सर नागपूरला गेले. तिथल्या एका प्रयोगशाळेत त्यांचा मित्र होता. बरोबर कच्चा पाला, मुळं, आधीची आणि नंतरची माती, आणि बरणीत भरलेली प्राचार्यांकडची भाजी. पातेलंही नेलं. परत आले ते सरळ प्राचार्यांच्या घरी गेले, पातेलं वहिनींच्या हातात दिलं आणि सांगितलं की यात पुन्हा आंबट शिजवू नका. कच्च्या पाल्यात शिसं फारसं नव्हतंच. शिजलेल्या भाजीत मात्र चांगलं सापडलं, आणि ते कौसाबाईच्या वावरातलं नव्हतं. ते पातेल्याच्या कलईतलं होतं. कथलात शिसं मिसळून केलेली कलई. अंबाडीच्या आंबटानं ते सुटून भाजीत उतरलं.

"म्हणजे आमच्या महालक्ष्म्यांना…" प्राचार्य म्हणाले.

"दरसाल," सर म्हणाले.

प्राचार्यांच्या घरी त्या महिन्यात स्टीलची भांडी आली. सरांनी ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली, वहिनींच्या आवाजासकट. आम्ही हसून हसून लोळलो. मग सर फळ्याकडे वळले आणि बराच वेळ पाठमोरेच राहिले. तेव्हा मला समजलं की त्या निकालाचा दुसरा अर्धा भाग त्यांनी अजून सांगितलेला नाही.

तो त्यांनी कौसाबाईला सांगितला. मधुकर आणि मी बरोबर होतो. ती मोकळ्या वावराच्या कडेला बसली होती. सरांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. अंबाडी शिसं पीत नाही. मुळाशी थोडं धरून ठेवते, वर जाऊच देत नाही. माती जशी होती तशी आहे. दुसरी झाडं थोडं जास्त ओढतील, पण एवढं शिसं काढायला पिढ्या लागतील.

कौसाबाईनं विचारलं, "म्हंजे माह्या जिंदगीत नाई?"

"नाई."

"तुमच्या?"

"माह्याही नाई, मावशी."

तिनं वावराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी तं म्हनले होते, यीन."

"म्हनलो होतो."

"काहून म्हनले?"

"तुमचं तोंड पाहून."

"माह्यं तोंड पाहून भाजीचा भाव कमी करत नाई कोनी. तुमी कायले करता?" ती उठली आणि घरात गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. सर त्या दिवशी एस.टी.त ड्रायव्हरच्या मागं उभे राहिले नाहीत. शेवटच्या बाकावर बसले. सदाशिवनं आरशातून दोनदा पाहिलं.

मला वाटलं, संपलं. एखादा दुसरा माणूस असता तर पुढं त्या रस्त्यानं जाताना त्यानं खिडकीतून दुसरीकडे बघितलं असतं. सर पुढच्याच आठवड्यात परत गेले, आणि तिनं दारातच झापलं तरी गेले. त्यांची नवी टूम अशी होती की झेंडू लावा. फूल कोणी खात नाही. मुळं माती धरून ठेवतात, राखेची धूळ उडत नाही, शेजाऱ्याच्या वावरात जात नाही. जमीन पोट भरणार नाही, पण रिकामीही राहणार नाही.

कौसाबाईला ते पटत नव्हतं. "म्या जनमभर भाजी इकली. आता फुलं इकू? मेलेल्याच्या अंगावर घालाले?"

"कधीकधी जितेही घालून घेतात."

"आन हार बैलानं खाल्ला मंग?"

हा प्रश्न सरांना सुचलेला नव्हता. पोळ्याला बैलांना हार घालतात आणि बैल तो हार संधी मिळताच खातात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सरांनी कबूल केलं, की मग पोळ्याला विकायचा नाही, दसऱ्यालाच विकायचा, आणि गिऱ्हाइकाला बजावून सांगायचं. कौसाबाई म्हणाली, "बजावाले तुमी बसान. माह्याच्यानं गिऱ्हाईक तोडनं होनार नाई."

तशी अट पडली, आणि सर बसले.

त्या दसऱ्याला मी मालेगावचा बाजार मुद्दाम बघायला गेलो. कौसाबाईची नेहमीची जागा, तिथं भाजीऐवजी केशरी ढीग. शेजारी गोणपाटावर विभागप्रमुख, वनस्पतिशास्त्र. सदरा बाहेर, पिशवी मांडीत. दसरा म्हणजे दीक्षेचाही दिवस, त्यामुळे सरांच्या वस्तीतलेही लोक फुलं घ्यायला आले होते. सर सगळ्यांना एकच मंत्र सांगत होते, बुद्धाले घाला, देवाले घाला, दाराले लावा, ढोराले घालू नका. एका शेतकऱ्यानं विचारलं की एवढं खराब आहे तर देवाला कसं चालतं. सर म्हणाले, "ते फक्त पाहतात. खात नाई. मी तपासून पाह्यलं हाये."

कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की गिऱ्हाईक गेलं म्हणून रागावली होती, मला कळलं नाही. ढीग मात्र दुपारपर्यंत संपला. चहा आला तेव्हा सरांनी सवयीनं पिशवीत हात घातला. बीकर नव्हतं. ते कौसाबाईनं सकाळीच घेतलं होतं, सुट्या फुलांचं माप म्हणून. तिनं स्वतःच्या घरून आणलेला कप सरांपुढं ठेवला. सरांनी तो उचलून चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "कान तं शाबूत हाये."

"मंग काय तोडून देऊ?" कौसाबाई म्हणाली.

त्यानंतर वर्गात सरांकडे बीकर दिसलं नाही. प्रयोगशाळेच्या सामानात ते हरवलेलं दाखवलं गेलं.

सरांनी पिढ्यांचा हिशोब सांगून टाकला होता, तरी मळ्याच्या एका कडेला एक पट्टा ते दरवर्षी स्वतःसाठी राखायचे आणि त्यात काहीबाही लावून कोण किती शिसं ओढतं ते बघायचे. मोहरी लावली, एरंडी लावली. कौसाबाईनंही तिचा प्रश्न सोडला नाही. दर हंगामाच्या शेवटी ती एकच शब्द विचारायची, "यंदा?" आणि सर एकच उत्तर द्यायचे.

मी बी.एस्सी. होऊन बी.एड.साठी अकोल्याला निघालो ते एकोणऐंशी साली, दसऱ्याच्या थोडं आधी. गाडी सदाशिवचीच होती. मालेगाव जवळ आलं तसा मी खिडकीपाशी सरकलो. झेंडूला कळ्या धरल्या होत्या. त्याच्या पलीकडे सरांच्या पट्ट्यात काहीतरी हिरवंगार, दाट, ओळीत लावलेलं उभं होतं. आणि सर त्यात वाकून एकेक झाड उपटत होते.

सदाशिवनं गाडी हळू केली आणि ओरडून विचारलं, "सर, यंदा कायची भाजी लावली?"

सरांनी हातातलं झाड मुळासकट वर धरलं. गाजर गवत होतं. लोक जे वावरातून काढता काढता थकतात ते या माणसानं ओळीत पेरलं होतं, निंदलं होतं, आणि आता फुलावर यायच्या आत उपटत होता. बरोबरच होतं. माणूस खात नाही, ढोर खात नाही, नैवेद्याला लागत नाही. सारी गाडी हसली. सदाशिव म्हणाला, "उतरता का कोनी? घ्या मूठ मूठ." कोणी उतरलं नाही. सरही हसले, नेहमीसारखे, आमचं हसणं संपल्यावरही.

मला हाक मारावीशी वाटली, पण भरल्या गाडीतून ओरडायचं म्हणजे माझ्यानं होईना. तोवर गाडी निघाली. मागच्या काचेतून मला दिसत राहिलं. सर मुळाची माती झटकून मुळं डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. बांधावर कौसाबाई कप घेऊन उभी होती. तिनं काहीतरी विचारलं. एकच शब्द असावा. सरांनी मान हलवली, नाही. तिनं कप पुढं केला, सरांनी झाड बगलेत धरून मातीचेच हात पुढं केले, तसा तिनं कप मागं घेतला आणि त्यांना आधी हात धुवायला लावलं.